चौदा किलो उतरले, बारा परत आले

वाचक भगिनीचं पत्र (थोडक्यात): मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४१, उंची १५५ सेंटीमीटर. दोन वर्षांपूर्वी वजन ७८ किलो होतं. मोबाईलवर आलेला एक डाएट चार्ट चार महिने कडक पाळला. सकाळी मध-लिंबू पाणी, दुपारी भाज्यांचं सूप आणि काकडी, रात्री पपई नाहीतर वाटीभर मुगाचं कढण. भात बंद, भाकरी बंद. वजन ६४ वर आलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग नेहमीचं जेवण सुरू केलं, तेही आधीपेक्षा कमीच, तरी दीड वर्षात काटा ७६ वर गेला. मिस्टर म्हणतात, तुझा जिभेवर ताबा नाही. आई म्हणते, आपल्या घरातल्या बायकांची अंगकाठीच तशी. वैशाखात भाच्याचं लग्न आहे, अजून पाच महिने आहेत. तोच चार्ट परत करू का? आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन निघालंय म्हणतात, ते घ्यावं का? माझं नेमकं चुकतंय काय?

ताई,

लग्नाची तारीख जवळ येतेय, म्हणून आधी त्याचंच उत्तर: तो चार्ट परत करू नका. त्यात दिवसाला जेमतेम ५००-६०० कॅलरी पोटात जातात आणि प्रथिनं १५-२० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या शरीराला याच्या तिपटीहून जास्त लागतं. वजन परत आलं ते तुमचा निग्रह कमी पडला म्हणून नव्हे. इतक्या झपाट्याने रिकामी केलेली चरबी पुन्हा भरून घेण्यासाठी शरीर कामाला लागतं आणि त्या चार्टमध्ये या दुसऱ्या भागाची काहीच तयारी नव्हती. हे काम कसं चालतं ते समजून घेतलंत, तर पुढचं सगळं नियोजन बदलेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एक थेंब आणि भोवती पातळ पापुद्रा. पेशीचं केंद्र त्या थेंबामुळे एका कडेला ढकललेलं असतं. मोठ्या माणसाच्या अंगात अशा कित्येक अब्ज पेशी असतात. वजन वाढतं तेव्हा थेंब मोठा होतो आणि फारच वाढलं तर नव्या पेशीही तयार होतात. वजन उतरतं तेव्हा थेंब लहान होतो, पण पेशींची संख्या तेवढीच राहते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००८ साली हे मोजून दाखवलं. वजन कमी करण्याची पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या लोकांच्या चरबीचे नमुने त्यांनी आधी घेतले आणि दोन वर्षांनी पुन्हा घेतले. पेशी आकाराने खूप लहान झाल्या होत्या, संख्या मात्र घटली नव्हती. त्याच अभ्यासात पेशींचं वयही काढलं गेलं. १९५०-६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता, त्याची खूण प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये उरलेली असते. त्यावरून कळलं की दरवर्षी साधारण १० टक्के चरबीपेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. निम्म्या पेशी बदलायला आठ वर्षांच्या आसपास लागतात.

तुमच्याकडे भाताची कणगी घरोघर असते. भात संपला म्हणून कणगी कुणी मोडत नाही, ती पुढच्या सुगीपर्यंत तशीच उभी असते. ६४ किलोवर तुम्ही आलात तेव्हा ७८ किलोच्या सगळ्या पेशी अंगात होत्या, फक्त अर्धवट रिकाम्या. जन्मभर ६४ किलोच असलेल्या बाईत आणि तुमच्यात हा फरक होता. आरशात तो दिसत नाही.

या रिकाम्या पेशी नुसत्या बसून राहत नाहीत. चरबी ही नुसती साठवण नाही, ती संप्रेरकं तयार करणारी ग्रंथीसुद्धा आहे, हे १९९४ पासून पक्कं झालं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. भरलेल्या पेशी जास्त लेप्टिन सोडतात, लहान झालेल्या कमी. रक्तातल्या लेप्टिनवरून मेंदूला कळतं की साठा किती आहे. तुम्ही कडक डाएट सुरू केलंत की लेप्टिन पहिल्या काही दिवसांतच पडतं आणि जितकी चरबी गेली त्या मानाने कितीतरी जास्त पडतं. मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा घेतो. भूक वाढते, जेवल्यावर तृप्ती उशिरा येते, खाण्याचे विचार डोक्यातून जात नाहीत, थंडी जास्त वाजते, हालचाल नकळत कमी होते.

डाएट संपल्यावर हे लगेच थांबेल असं वाटतं, पण तसं होत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ५० जणांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार घेतला होता. वजन उतरल्यानंतर वर्षभराने रक्त तपासलं तेव्हाही लेप्टिन खालीच होतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वर होतं. स्वतः लोक सांगत होते ती भूकही सुरुवातीपेक्षा जास्त होती. वर्षभरानंतर, ताई. तुम्ही 'नेहमीचं जेवण' सुरू केलंत ते याच काळात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या भुकेचा आकडा काढला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजची भूक साधारण १०० कॅलरींनी वाढते आणि शरीराचा रोजचा खर्च २०-३० कॅलरींनी कमी होतो. पाच किलो उतरले तर रोज ५०० कॅलरी जास्त खावंसं वाटणार आणि खर्च मात्र शे-दीडशेने घटलेला. त्यातही भुकेचा वाटा किती मोठा आहे ते बघा. 'माझा मेटाबॉलिझम बंद पडलाय' असं सगळे म्हणतात, पण खरा जोर भुकेचा असतो. म्हणून पुढे दिलेल्या आहारात कॅलरींपेक्षा पोट भरण्याकडे जास्त लक्ष दिलंय.

पेशींच्या पातळीवर आणखी दोन गोष्टी घडतात. लहान झालेली पेशी इन्शुलिनला चटकन दाद देते. तब्येतीसाठी हे उत्तमच, साखर सुधारते ती यामुळेच. पण जेवणानंतर रक्तातली साखर आणि स्निग्धांश ती आत खेचते, तेही याच गुणामुळे. रक्तातली चरबी पेशीत उतरवणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर वजन उतरल्यावर चरबीत जास्त जोमाने काम करताना आढळलंय. म्हणजे लग्नात जेवलेला तोच लाडू ६४ किलोच्या तुमच्या अंगात जास्त सहज साठवला जातो.

दुसरी गोष्ट अलीकडची. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतल्या गटाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलं की स्थूलपणाच्या काळात चरबीपेशींत डीएनएभोवतीच्या प्रथिनांवर रासायनिक खुणा बसतात आणि वजन उतरल्यावरही त्या राहतात. डीएनए तेच असतं, कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद हे या खुणा ठरवतात. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी माणसांच्या चरबीतही पूर्वीच्या स्थूलपणाची छाप दिसली. उंदरांत तर थेट परिणाम दिसला. एकदा जाड होऊन बारीक झालेल्या उंदरांना पुन्हा तेलकट खाणं दिलं, तेव्हा ते कधीच जाड न झालेल्या उंदरांपेक्षा लवकर फुगले. पेशी वर्षाला दहा टक्केच बदलतात हे लक्षात घेतलं, तर ही छाप दोन-चार महिन्यांत पुसली जाणार नाही हे उघड आहे. आम्ही वजन टिकवण्याचा हिशेब महिन्यांत न करता वर्षांत करतो तो यामुळे.

आता तुमच्या स्नायूंबद्दल, कारण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. डाएटवर उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा स्नायू आणि इतर चरबीविरहित भागाचा असतो. प्रथिनं कमी आणि व्यायाम नाही, अशा वेळी हा हिस्सा वाढतो. तुमच्या चौदा किलोंत साडेतीन-चार किलो किंवा जास्तही स्नायू-पाणी गेलं असणार. वजन परत येतं तेव्हा चरबी आधी भरते, स्नायू मागे राहतात. त्यामुळे आजचे ७६ किलो आणि डाएटच्या आधीचे ७६ किलो सारखे नाहीत, आज त्यात चरबी जास्त असण्याचीच शक्यता. एक साधी तपासणी घरीच करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घडी करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. आकडा लिहून ठेवा. पुढच्या महिन्यांत तो खाली आला तर समजा डाएट चुकतंय, मग काटा काही का म्हणेना.

मिस्टरांना एक प्रयोग जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना स्वखुशीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे लोक निग्रही होते, दुष्काळग्रस्तांना पुढे उपयोग व्हावा म्हणून उपाशी राहायला तयार झालेले. त्यांचं वजन चौथाईने उतरलं. ते दिवसभर खाण्याबद्दलच बोलायचे, पाककृती वाचायचे. खाणं मोकळं केल्यावर त्यांतले कित्येकजण पोट फुटेस्तोवर जेवायचे आणि तरी भूक भागत नसे. अंगातली चरबी आधीपेक्षाही जास्त झाली, कारण गेलेले स्नायू भरून येईपर्यंत शरीर खायला लावत राहतं. जिभेवर ताबा नसलेली ही माणसं नव्हती. घरातल्या कुणी हे असं बोलत राहिलं तर बाई लपून खाते, आणि मग कितीही चांगला आहार लिहून दिला तरी तो टिकत नाही. तुमच्या मिस्टरांची मदत हवी आहे ती तेलाच्या खरेदीत आणि संध्याकाळी चालायला सोबत येण्यात.

आईचं म्हणणंही अर्धं खरं आहे. अंगकाठी वारशाने येते. त्यातून आपण भारतीय लोक बारीक दिसतानाही अंगात चरबी बाळगून असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दोघांचाही २२.३. चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं सांगतात. तुमचा आजचा बीएमआय ३१.६ आहे. कंबर मोजताना परकराची नाडी बांधतो तिथे मोजू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजा.

आता करायचं काय?

पाच महिन्यांत चार ते पाच किलो, बस. ७६ वरून ७१-७२. ऐकायला हे कमी वाटेल. पण एवढ्यानेही रक्तदाब, साखर, यकृतातली चरबी यांत फरक पडतो आणि भुकेचा धक्का चौदा किलोंपेक्षा पुष्कळ लहान असतो. तुमच्या वय-उंची-वजनाला दिवसाचा खर्च साधारण १९०० कॅलरी येतो. खाणं १५०० च्या आसपास ठेवा. त्याखाली जाऊ नका. पहिल्या दहा दिवसांत दीड-दोन किलो भर्रकन उतरतील, ते मोजू नका. यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं तिप्पट पाणी जातं ते. त्यानंतर महिन्याला एक किलोच्या आसपास हा योग्य वेग.

भात आणि भाकरी बंद करायची गरज नाही. ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी म्हणजे २०० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. एक वाटी शिजवलेला भात म्हणजे १८०-१९० कॅलरी आणि ४ ग्रॅम. अडचण अशी की आपल्या ताटात भाताचा डोंगर आणि आमटी पातळ पाणी असते. हे उलटं करा. दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, तीन जेवणांत वाटून. रात्री एकदम नकोत.

सकाळी दोन अंडी आणि एक भाकरी. अंडं चालत नसेल तर मूग-उडदाचा जाड डोसा दह्यासोबत. नुसतं उप्पीट किंवा अवलक्की (पोहे) खाऊन शाळेत गेलात तर अकराला भूक लागणारच, त्यासोबत प्रथिनांचं काहीतरी हवं. दुपारच्या डब्यात एक भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (भिजून-शिजून भरलेली वाटी होते), एक पालेभाजी, दीडशे ग्रॅम दही, कांदा-काकडी. पाच वाजता घरी आल्यावर ३० ग्रॅम फुटाणे आणि चहा. शाळेतून दमून आल्यावरची ही वेळ सगळ्यात धोक्याची असते. मिरची-भजी, गिरमिट, फरसाण यावेळीच पोटात जातं, म्हणून फुटाण्याची डबी पर्समध्येच असू द्या. रात्री एक वाटी भात, ३० ग्रॅम डाळीची घट्ट आमटी, भाजी. झोपण्याआधी साखर न घातलेलं कपभर दूध. एवढ्यात साधारण १५००-१६०० कॅलरी आणि ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. मांसाहार असेल त्या दिवशी रस्सा कमी, फोडी जास्त. १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शेंगांची चटणी चांगली, पण चमचा मोजून, कारण ३० ग्रॅम शेंगदाण्यांत दीडशेच्या वर कॅलरी असतात.

आता तेल. कॅलरींची सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ताटात ती दिसतही नाही. तुमच्या घरात महिन्याला किती लिटर तेल येतं, भागिले माणसं. माणशी अर्धा लिटर म्हणजे रोजच्या १३५ कॅलरी, हे ठीक. माणशी एक लिटर असेल तर रोजच्या २७० झाल्या. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर येत असतील तर ते दोन-अडीचवर आणा. मोजून आणलेलं तेल वेगळ्या बाटलीत काढा आणि महिनाभर त्यातलंच वापरा. फोडणी ओतून न घालता चमच्याने घाला. चहाची साखरही मोजा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे साखरेच्याच १६० कॅलरी.

यात्रा, बारसं, लग्न यांवर बंदी घालणं आम्हाला पटत नाही. आपल्या भागात लक्ष्मीची यात्रा म्हटलं की पाहुण्यांचा राबता दोन-तीन दिवस असतो आणि 'नको' म्हटलेलं कुणाला रुचत नाही. त्या दिवशी जेवा. फक्त सकाळचा नाश्ता प्रथिनांचा पोटभर करूनच जा, उपाशी जाऊ नका. उपाशी गेलेली व्यक्ती दुपटीने जेवते. आदल्या किंवा नंतरच्या दिवशी उपवास करून भरपाई करू नका, नेहमीचं जेवण करा. बेळगावचा कुंदा कुणी आणला तर ५० ग्रॅमचा तुकडा घ्या. दीडशे-दोनशे कॅलरी होतात, आकाश कोसळत नाही. डबा मात्र घरात ठेवू नका. आणि श्रावणातल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च आणि तेल, प्रथिनं जवळजवळ नाहीत. दही, दूध, फळ, थोडे शेंगदाणे एवढ्यावर उपास करा.

व्यायामाचे दोन भाग आणि दोन्ही हवेत. वजन कमी झालेल्या शरीराचे स्नायू काटकसरी होतात. न्यूयॉर्कचे लायबेल आणि रोझेनबॉम यांनी १९९५ पासून दाखवलंय की दहा टक्के वजन उतरल्यावर दिवसाचा खर्च अपेक्षेपेक्षा आणखी दहा-पंधरा टक्क्यांनी खाली येतो. ही काटकसर मुख्यतः हलक्या कामात दिसते. तेवढंच चालायला आता कमी इंधन पुरतं. म्हणून नुसतं रमतगमत चालून भागत नाही. आठवड्यातून तीन दिवस, २०-२५ मिनिटं ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस १० ते १२ वेळा, भिंतीवर हात टेकून जोर १० वेळा, दोन्ही हातांत भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या घेऊन कमरेतून थोडं वाकून कोपर मागे ओढणं १२ वेळा, पायरीवर चढ-उतर प्रत्येक पायाने १० वेळा. हे चार प्रकार तीन फेऱ्यांत. शेवटच्या दोन खेपा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर उचलायचं वजन वाढवा. पाठीच्या पिशवीत दोन किलो तांदूळ, मग तीन, मग पाच. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, व्यायाम सोडू नका.

चालणं सुरुवातीला आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. वजन टिकवायच्या काळात हेच २५० मिनिटांपर्यंत न्यावं लागतं. टिकवायला उतरवण्यापेक्षा जास्त चालावं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही. खानापुरातला पाऊस आम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर रस्त्यावर चालणं होणार नाही. त्या चार महिन्यांची सोय आत्ताच ठरवा. शाळेचा व्हरांडा, घरातला जिना, नाहीतर सोप्यात दहा-दहा मिनिटांच्या तीन खेपा. बऱ्याच जणींचं वजन पावसाळ्यातच परत येतं, कारण चालणं थांबतं आणि भजी वाढतात.

लग्न पार पडलं की उतरवणं थांबवायचं. पुढचे सहा महिने फक्त टिकवायचं. खाणं एकदम मोकळं न सोडता दर आठवड्याला रोजच्या १०० कॅलरी वाढवत न्या, म्हणजे अर्धी भाकरी किंवा अर्धी वाटी भात, जोवर काटा स्थिर राहतो तोवर. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर वजन करा. मेडिकलच्या दारातल्या काट्यावर संध्याकाळी चपला घालून केलेलं वजन कामाचं नाही. पाळीच्या आधी किंवा खारट खाल्ल्यावर दीड किलोपर्यंत पाणी वर-खाली होतं, त्याला घाबरू नका. सलग दोन आठवडे दोन किलो जास्त दिसलं तर मात्र त्याच आठवड्यात हालचाल करायची. आधी तेलाची बाटली मोजा, मग चालण्याची मिनिटं मोजा, मग पाच वाजताचं खाणं बघा. बारा किलो परत येईपर्यंत वाट बघितली तर पेशी पुन्हा भरलेल्या असतात. सहा महिने टिकलं की पुढचे तीन-चार किलो घेता येतील.

इंजेक्शनचं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही औषधं आता भारतात अधिकृतपणे मिळतात आणि ती खरोखर काम करतात, कारण ती वर सांगितलेल्या भुकेवरच काम करतात. तुमचा बीएमआय तीसच्या वर आहे, त्यामुळे डॉक्टरांशी हा विषय काढण्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हे समजून काढा: सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत लोकांचं सरासरी १७ टक्के वजन उतरलं होतं, औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. औषधाने पेशी मरत नाहीत, त्याही रिकाम्याच होतात. म्हणजे लग्नापुरतं चार-पाच महिने घ्यायचं हे औषध नाही. रक्तदाबाच्या गोळीसारखा दीर्घकाळाचा विचार आणि दीर्घकाळाचा खर्च धरून चला. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे त्रास सुरुवातीला होतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर कुणाला झाला असेल, किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या दुकानातून कधीही नको.

या आठवड्यात करायच्या तपासण्या बेळगावात किंवा खानापुरातही होतील: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, हिमोग्लोबिन, बी१२, आणि रक्तदाब. पाळी मागेपुढे होत असेल तर तेही सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांकडे घेऊन जा. स्टेरॉइड, ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारांवरचं ओलान्झापिन यांनी वजन वाढतं आणि पर्याय असू शकतो, पण कोणतीही गोळी आपण होऊन बंद करू नका. एक गोष्ट आणखी विचारायची आहे: मागच्या डाएटनंतर कधी जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीकडे किंवा खांद्याकडे गेली होती का? झपाट्याने वजन उतरल्यावर पित्ताशयात खडे होऊ शकतात. तशी कळ आली असेल तर आहार सुरू करण्याआधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या.